चोवीस वाटा

हॅलोबाई गेल्या त्याच्या पंधराव्या दिवशी पोस्टमनकाकांनी पुन्हा पायात बूट चढवले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण बूट अजून खात्याचेच होते, टाचा झिजलेले आणि तळवा मात्र शाबूत. समोरच्या दारातल्या शिक्षिकेने विचारलं, "कुठे निघालात एवढ्या सकाळी?" काका म्हणाले, "जरा पाय मोकळे करतो," आणि जिना उतरले. सकाळचे साडेसहा वाजले होते. त्या दिवशी बरोबर याच वेळी हॅलोबाई उतरल्या होत्या.

हॅलोबाई म्हणजे त्यांची बायको. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने सव्वीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली. घरातसुद्धा कोणी हाक मारली की ती "हॅलो" म्हणून ओ द्यायची, त्यामुळे आधी गल्लीने आणि मग खुद्द नवऱ्याने तिचं हेच नाव पक्कं केलं. एक्स्चेंज बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, इमारतीला कुलूप लागलं. बाई घरी बसल्या, आणि तीनेक वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. शेवटी शेवटी आजचा दिवसच त्यांच्या हातातून निसटला आणि जुने दिवस तेवढे राहिले. रोज पहाटे उठून त्या वेणी घालायच्या, राखाडी स्वेटर चढवायच्या आणि दारात येऊन म्हणायच्या, "मी निघते. ड्यूटी आहे."

काका रोज म्हणायचे, "आज सुट्टी आहे गं."

"कसली सुट्टी?"

"साहेबांनी दिली. निरोप आला होता."

मग त्या खुर्चीत बसायच्या, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठायच्या. दाराची वरची कडी काकांनी मुद्दाम उंचावर बसवून घेतली होती. बाईंचा हात तिथपर्यंत पोचायचा नाही.

त्या दिवशी ती कडी लागलेली नव्हती. पोलिसांना, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना आणि पोटच्या लेकीलाही काकांनी हेच सांगितलं होतं, की कडी लावायची राहिली. दहाच्या सुमारास बंद एक्स्चेंजच्या पायऱ्यांपाशी, बाकावर बसलेल्या अवस्थेत त्या सापडल्या. कडाक्याची थंडी होती, हृदय आधीच अधू होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. डॉक्टर असं म्हणतातच.

पण काकांच्या मनात एक गोष्ट काट्यासारखी रुतून बसली होती. बाई घरातून निघाल्या तेव्हा त्यांच्या स्वेटरची बटणं चुकली होती. एक काज सोडून लावलेली, त्यामुळे एक बाजू वर आणि एक खाली. आणि सापडल्या तेव्हा बटणं नीट होती. अगदी गळ्यापर्यंत, एकही न चुकता. बाईंना गेल्या वर्षभरात स्वतःची बटणं नीट लावता येत नव्हती. म्हणजे वाटेत कोणीतरी थांबवून त्यांची बटणं सोडवली होती आणि पुन्हा लावली होती. कोणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. ते माणूस काकांना हवं होतं. त्या घाबरल्या होत्या का, रडत होत्या का, कोणाचं नाव घेत होत्या का, हे एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

बाई कुठल्या वाटेने गेल्या हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. दुसरी कोणी असती तर नेहमीची वाट म्हणून एक वाट धरता आली असती. हॅलोबाईंना नेहमीची वाट हा प्रकारच माहीत नव्हता. नोकरीत होत्या तेव्हा त्या रोज नव्या रस्त्याने जायच्या. काकांचं सगळं आयुष्य ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या दारांशी जाण्यात गेलं, त्यांना याचं नवल वाटायचं. त्यांनी विचारलं तर त्या म्हणायच्या, "रोज एकाच रस्त्याने जायला मी काय टपाल आहे?"

घरातून कालव्यापर्यंत जायला तीन वाटा होत्या. शाळेवरून जाणारी गल्ली, दगडी पायऱ्यांची उतरण आणि मोठा रस्ता. तिन्ही कालव्याकाठच्या पंपघरापाशी एकत्र यायच्या. तिथून पलीकडे जायला दोन पूल होते, एक जुना दगडी आणि एक पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला लोखंडी. दोन्ही पलीकडच्या एकाच चौकात उतरायचे. आणि चौकापासून एक्स्चेंजपर्यंत चार रस्ते. बाजाराचा, गोदामांचा, दवाखान्यामागचा आणि मैदानाच्या कडेचा.

आदल्या रविवारी लेक आली होती तेव्हा काकांनी हे तिला जुन्या पाकिटाच्या पाठीमागे काढून दाखवलं होतं. लेक तासाभराच्या अंतरावरच्या गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. घरात तिला लहानपणापासून मास्तरीण म्हणत, कारण ती बाहुल्यांनासुद्धा ओळीत बसवून पाढे म्हणायला लावायची.

"तीन, दोन आणि चार," काका म्हणाले. "नऊ वाटा झाल्या. रोज एक धरली तर नऊ दिवसांत सगळ्या होतील."

मास्तरणीने चित्राकडे पाहिलं. "नऊ नाही, बाबा. चोवीस."

"चोवीस कशा? मोज की. हे तीन, हे दोन, हे चार."

"हे रस्त्यांचे तुकडे झाले. आई तुकड्याने गेली नाही, घरापासून एक्स्चेंजपर्यंत गेली." तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं. "हे बघा. समजा ती शाळेच्या गल्लीने गेली. तर पुढे पूल दोन. पायऱ्यांनी गेली तरी दोन. मोठ्या रस्त्याने गेली तरी दोन. म्हणजे कालवा ओलांडेपर्यंतच सहा प्रकार झाले. आता या सहातल्या प्रत्येकापुढे रस्ते चार. साही चोक चोवीस. हे नाहीतर ते, असं असलं की बेरीज करायची. आधी हे आणि मग ते, असं असलं की गुणाकार."

आपला आवाज वर्गातल्यासारखा झालाय हे तिच्या लक्षात आलं आणि ती एकदम थांबली. दोघंही पाकिटाकडे बघत राहिले. चौतीस वर्षं काका या गावात पायी फिरले होते. घरापासून एक्स्चेंज म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. त्यात चोवीस वाटा मावत असतील असं त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पण तुम्हाला चोवीस चालायची गरज नाही," लेक म्हणाली. "लोकांना विचारायचंच असेल तर नऊ तुकडे पुरेत. प्रत्येक तुकड्यावर एकदा जा, विचारा, झालं. एका सकाळीसुद्धा होईल."

काकांनी मान हलवली. ते हो म्हणतायत की नाही हे तिला कळलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "एकदा जाऊन भागत नाही गं. टपालात बघ, दार पहिल्यांदा वाजवलं की घरात कोणी नसतंच. दुसऱ्यांदा जावं लागतं, तिसऱ्यांदा जावं लागतं. आणि तू म्हणालीस ना, ती तुकड्याने गेली नाही."

मास्तरणीने पुढे वाद घातला नाही. बापाला काहीतरी धरायला हवंय, तर धरू दे, असं तिला वाटलं असावं.

पहिल्या दिवशी ते शाळेच्या गल्लीने, दगडी पुलावरून, बाजाराच्या रस्त्याने गेले. धुकं होतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्याच होत्या. दूध पोचवणारा सायकलवरून जाताना भेटला, त्याला विचारलं. पाव भाजणाऱ्याला विचारलं. खिशात बाईंचा फोटो होता, निवृत्तीच्या दिवशी काढलेला, गळ्यात हार आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव. लोक फोटो बघायचे, हळहळायचे आणि म्हणायचे, "धुक्यात कोण दिसतंय, काका? हाताला हात दिसत नव्हता त्या दिवशी." एक्स्चेंजपाशी पोचल्यावर काका त्या बाकावर बसले नाहीत. उभ्या उभ्या घड्याळ पाहिलं, पाकिटाच्या मागे एक खूण केली आणि परतले.

दुसऱ्या दिवशी गोदामांचा रस्ता. तिथे दोन गोदामं, एक पंक्चरवाला आणि एक इस्त्रीचं दुकान. पंक्चरवाला नऊशिवाय येत नव्हता, दुकानाचं शटर खाली होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यामागची गल्ली, चौथ्या दिवशी मैदान. मैदानाभोवती धावणारे लोक रोजचे होते, पण त्यांची नजर आपल्याच पायांवर असायची.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. पूर्वी ती "आई कशी आहे?" म्हणून सुरुवात करायची. आता "आज कुठली?" म्हणायची.

"शाळेवरून, दगडी पूल, मैदान."

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

काका थोडे थांबायचे आणि काहीतरी सांगायचे. ते खरं नसतं हे तिला कळायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी लोखंडी पूल धरला. पुलाच्या तोंडाशी एक रंगारी डबे आवरत होता. कठड्यांचा हिरवा रंग ताजा दिसत होता. काकांनी फोटो काढला आणि तारीख सांगितली. रंगाऱ्याने फोटोकडे धड पाहिलंही नाही.

"त्या तारखेला इथून माणूसच गेलं नाही, काका. पहिला हात होता. दोन्हीकडून पत्रे बांधले होते. मांजरसुद्धा यायची सोय नव्हती."

"नक्की तीच तारीख?"

"माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं त्या दिवशी. मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दिवसभर पुलाला शिव्या देत होतो. विसरेन कसा?"

संध्याकाळी काकांनी हे लेकीला सांगितलं. पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. मास्तरीण वह्या तपासत होती.

"मग दोनाच्या जागी एक आला," ती म्हणाली. "तीन गुणिले एक गुणिले चार. बारा. एका फटक्यात निम्म्या गेल्या, बाबा. त्यातल्या चार तुमच्या चालून झाल्यात."

"म्हणजे आठ राहिल्या."

"हो. आठ."

दोघांनाही त्या क्षणी किंचित आनंद झाला, आणि मग आपल्याला कशाचा आनंद झाला हे दोघांनाही आठवलं.

पुढचे चार दिवस पायऱ्यांची उतरण. थंडीने गुडघे बोलायला लागले होते. बाई या पायऱ्या उतरल्या असतील तर कठड्याला धरून उतरल्या असतील, की जुन्या सवयीने भराभर, पर्स हलवत? सातव्या दिवशी इस्त्रीच्या दुकानाचं शटर पुन्हा खालीच होतं. पंक्चरवाला त्या दिवशी लवकर आला होता. म्हणाला, "सुनेचं बाळंतपण आहे, इस्त्रीवाल्या बाई गावाला गेल्यात. येतील आठ-पंधरा दिवसांत." काकांनी पाकिटावर त्या रस्त्यापुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं. नोकरीत असताना कुलूप असलेल्या घरापुढे ते अशीच खूण करत.

दहाव्या दिवसापासून मोठा रस्ता. अकराव्या दिवशी गोदामांच्या वळणावर येताच त्यांना वाफेचा वास आला. शटर वर होतं. आत एक पन्नाशीची बाई चादरींच्या ढिगामागे उभी राहून इस्त्री फिरवत होती. काकांनी फोटो पुढे केला आणि नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच इस्त्रीवाली म्हणाली, "अहो, या तर त्या बाई. बऱ्या आहेत का?"

काकांनी टेबलाच्या कडेला हात टेकला.

इस्त्रीवालीला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती गावाला गेली होती. तिने आपल्या आपण सांगायला सुरुवात केली आणि काकांनी तिला थांबवलं नाही.

"मी नुकतं दुकान उघडलं होतं बघा. तर धुक्यातून या आल्या. बटणं सगळी वर-खाली. मी म्हटलं, आई, जरा थांबा, थंडी शिरेल. हात असे गार, बर्फ नुसता. मग गरम गरम टॉवेल होते इस्त्री केलेले, त्यातला एक त्यांच्या हातांना गुंडाळला. बटणं सोडवली, परत लावली. लहान पोरीसारख्या हनुवटी वर करून उभ्या होत्या. मी म्हटलं, बसा, चहा सांगते. तर म्हणाल्या, नको, उशीर झालाय, ड्यूटी आहे."

"घाबरल्या होत्या का?" काकांनी विचारलं.

"छे हो. खुशीत होत्या. मी विचारलं, एकट्याच निघालात, घरी माहीत आहे ना? तर हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांनीच सांगितलं. रोज नको म्हणतात, सुट्टी आहे म्हणतात. आज म्हणाले, जा. म्हटलं, मग काय काळजी." इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही कोण त्यांचे?"

काका म्हणाले, "मीच तो."

मग त्यांनी बाई गेल्याचं सांगितलं. इस्त्रीवालीने दोन्ही हात तोंडावर धरले. मी धरून ठेवायला हवं होतं, मी सोडायला नको होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. काकाच तिची समजूत घालत राहिले. "तुमचा काही दोष नाही, बाई. तुम्ही तिचे हात गरम केलेत," ते म्हणाले. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ते बराच वेळ बसले. बाहेर धुकं विरळ झालं, पंक्चरवाल्याने टायर रचले, आणि काका बसूनच होते.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सापडली. बटणं लावणारी सापडली. तू शनिवारी ये. फोनवर नको."

शनिवारी मास्तरीण आली. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने विचारलं, "काय म्हणाली ती?"

काकांनी सगळं सांगितलं. टॉवेल, हनुवटी, चहा. लेक ऐकताना डोळे पुसत होती, मध्येच हसतही होती. मग तिने सवयीने पाकीट ओढलं. "म्हणजे चाराच्या जागीही एक आला. तीन गुणिले एक गुणिले एक. आता फक्त घरापासून पंपघरापर्यंतचंच राहिलं. तीनच, बाबा. तेही कोणीतरी सांगेल."

"ते कोणी सांगणार नाही," काका म्हणाले.

"का?"

"ते मला माहीत असायला हवं होतं."

लेकीने वर पाहिलं. काका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"कडी राहिली नव्हती गं. मी काढली. त्या दिवशी ती पहाटेपासून मागे लागली होती. तीनदा उठवलं. सुट्टी आहे म्हटलं, साहेबांचा निरोप आहे म्हटलं, सगळं म्हणून झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, जा. जा बाई, एकदाची ड्यूटीला जा. आणि कडी काढली. तिची बटणं चुकलेली दिसत होती मला. लावायला गेलो तर तिने हात झटकला. म्हटलं, राहू दे तशीच, जा."

मास्तरणीने पाकीट खाली ठेवलं.

"मला वाटलं, खालच्या जिन्यापर्यंत जाईल आणि येईल परत. मी चहा केला. एकटा बसून प्यायलो. किती महिन्यांनी घरात शांतता होती." त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हात केला. "तिथून तिन्ही वाटा फुटतात ते वळण दिसतं. उठून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं कुठे वळली ते. धावत जाऊन आणता आली असती. दोनाचा एक त्या रंगाऱ्याने केला. चाराचा एक त्या बाईने केला. हा तीन माझा आहे. मी बघितलं नाही."

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचा दरवाजा लागला. लेकीने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. तिचा चेहरा काकांनी तिच्या लहानपणापासून पाहिलेला होता, पण असा कधी पाहिला नव्हता.

"सव्वीस दिवस," ती म्हणाली. "सव्वीस दिवस मी त्या कडीला शिव्या देतेय. सुताराला फोन करून विचारलं मी, कडी सैल होती का म्हणून."

"माहीत आहे मला."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

काकांनी मान खाली घातली. लेक उठली, दारापर्यंत गेली. दाराशी थांबून तिने वर हात केला, ती उंच कडी एकदा वर-खाली करून पाहिली. कडी घट्ट होती. मग ती दार ओढून घेऊन गेली. चार वाजताची बस तिला मिळाली असणार, कारण पाच वाजता काका स्टँडवर गेले तेव्हा ती तिथे नव्हती.

त्यानंतर फोन बंद झाला. म्हणजे फोन चालू होता, पण त्यावर मास्तरीण नव्हती. काका रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसत. स्वतःहून करायचं धाडस होत नव्हतं. एकदा आकडे दाबले आणि शेवटचा दाबायच्या आधी ठेवून दिला. मोठ्या रस्त्याच्या उरलेल्या दोन वाटा त्यांनी चालल्या नाहीत. सकाळी साडेसहाला जाग यायची आणि ते पडून राहायचे. समोरची शिक्षिका दोनदा भांडं घेऊन आली. तिने काही विचारलं नाही, याबद्दल काकांनी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

एकदा इस्त्रीवाली पत्ता शोधत आली. खोळंबलेल्या कामातून मुद्दाम वेळ काढून आली होती. तिने नुसतंच दारात उभं राहून विचारलं, "काका, खाताय ना?" आणि नातवाचा फोटो दाखवला. काकांनी बाळाचं कौतुक केलं. ती गेल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली आणि त्यांनी भात टाकला. तो करपला, पण त्यांनी खाल्ला.

तिसऱ्या रविवारी सकाळी दाराचं कुलूप बाहेरून किल्लीने उघडलं. मास्तरीण होती. हातात सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, दोरीने बांधलेला. ती आत आली, चपला काढल्या, टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला सारली आणि पेपर मांडून बसली. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"चहा टाकू?"

"टाका."

त्यांनी चहा आणून ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले. लाल पेन सरसर चालत होतं. बरोबर, चूक, बरोबर, अर्धा गुण. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

"मी अजून रागावलेली आहे," मान वर न करता ती म्हणाली.

"हो."

"हा राग लवकर जाईल असं मला वाटत नाही."

"नको जाऊ दे."

आणखी दोन पेपर झाले. तिने तिसरा ओढला, पण पेन तसंच राहिलं.

"मलाही एकदा असं झालं होतं," ती म्हणाली. "गेल्या सुट्टीत आठ दिवस ती माझ्याकडे होती ना, तेव्हा. तिला न्हाणीघरात बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. दहा मिनिटं. मला नुसतं शांत बसायचं होतं. ती आतून हॅलो, हॅलो करत होती."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही किती वेळ बसला होतात? चहा पिऊन?"

"पाऊण तास."

"मग मला फोन का नाही केलात? लगेच? मी त्या शिक्षिकेला सांगितलं असतं, पोलिसांना सांगितलं असतं. सव्वासात वाजता मला कळलं असतं, बाबा. मला साडेदहाला कळलं."

"सोमवार होता," काका म्हणाले. "सोमवारी तुझा पहिला तास असतो."

मास्तरणीने पेन खाली ठेवलं. बाई गेल्या त्या दिवशी ती रडली नव्हती असं नाही, पण ते चारचौघांतलं रडणं होतं. हे तसं नव्हतं. तिने डोकं थेट समोरच्या पेपरांवर टेकवलं आणि तिचे खांदे हलू लागले. काका उठले. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले. मग त्यांनी हळूच तिच्या कपाळाखालून पेपर ओढायला सुरुवात केली, एकेक करून.

"भिजतील," ते म्हणाले. "पोरांचे गुण आहेत त्यावर."

तिने डोकं थोडं उचललं, त्यांना पेपर काढू दिले, आणि पुन्हा ठेवलं.